घराला चालतंय

माझ्या जावेच्या स्वयंपाकघरातल्या एकाही ताटावर तिचं नाव नाही. मोठ्या ताटांवर कुणा रेणुकाचं नाव आहे. तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि आहेराची भांडी न्यायला कुणी आलंच नाही. वाट्यांवर एका भजनी मंडळाचं नाव आहे, त्यांनी ऑर्डर दिली आणि नंतर तोंड दाखवलं नाही. पाण्याच्या तांब्यावर कुणाच्या तरी आजोबांचं नाव आणि खाली 'स्मरणार्थ' असं कोरलेलं आहे. त्या तांब्यातून घरातले सगळे रोज पाणी पितात आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून वाटतंय आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं भांड्यांचं दुकान हुबळीच्या जुन्या बाजारात आहे. आमचं म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं, वसंतअण्णांचं. माझे सासरे तरुणपणी गडहिंग्लजहून इकडे आले आणि त्यांनी ते उभं केलं. माझा नवरा सरकारी नोकरीत गेला, मी धारवाडच्या एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचे, म्हणून आम्ही दोघं हुबळी-धारवाडच्या मधोमध, नवनगरला घर करून राहिलो. दुकान अण्णांकडे राहिलं, आणि दुकानामागचं दोन खोल्यांचं घर अनसूयाअक्काकडे. अक्का म्हणजे अण्णांची बायको, माझी थोरली जाऊ.

त्या घराचा एक नियम आहे. जो माल विकतो तो विकायचा, जो विकत नाही तो आत पाठवायचा. नाव कोरून झालेलं भांडं दुसऱ्या कुणाला विकता येत नाही आणि मोडीत घालायला अण्णांचा जीव होत नाही. पोचा आलेलं पातेलं, कान तुटलेली कढई, बुडाशी डुगडुगणारा डबा, झाकण हरवलेली बरणी, हे सगळं मागच्या दारानं घरात येतं. दुकानातला पोरगा भांडं घेऊन आत आला की मागून अण्णांचा आवाज येतो, "असू दे, घराला चालतंय." माझ्या सासूबाईही तेच म्हणायच्या आणि अक्काही तेच म्हणायला शिकली. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी धड भांडं नाही, हे बाहेर सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस कंजूष असेल. तसं असतं तर मला इतका राग आला नसता. कंजूष माणसाची कीव तरी येते. अण्णा दुकानावर सढळ हातानं पैसा ओततात. पाटी नवी, दिवे नवे, गिऱ्हाइकाला थंड सरबत, दसऱ्याला नोकरांना कपडे. बाजारात त्यांच्याइतका दिलदार माणूस नाही असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण उंबऱ्याच्या आत आले की त्याच माणसाची मूठ अशी मिटते की काही विचारू नका. त्यांच्या लेखी दुकानात घातलेला पैसा वाढतो आणि घरात घातलेला बुडतो. घरात माणसं राहतात, त्यांनाही काही लागतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

आणि अक्का. तिच्यावर तर मी जास्त चिडायचे. निपाणीच्या चांगल्या खात्यापित्या घरातली मुलगी. तिच्या वडिलांनी लग्नात दोन जाड पाटल्या घातल्या होत्या. लग्नाआधी बाजारात जाऊन दहा दुकानं फिरून वस्तू पारखून घेणारी म्हणून तिची ख्याती होती, हे तिच्याच बहिणीनं मला सांगितलं. आमच्या घरात येऊन ती काय शिकली, तर नको म्हणायला. साडी नको, दवाखाना नको, पंखा नको. नातेवाईक तिचं कौतुक करायचे, "अनसूयेनं कधी काही मागितलं नाही हो." जणू ती मोठी पदवीच. मी हळदीकुंकवाला बसलेली असायचे आणि दातओठ खात हसायचे.

चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं कुकर परत आणला. झाकण नीट बसत नव्हतं. कंपनीकडे पाठवला असता तर बदलून मिळाला असता, पण त्याला वेळ लागला असता आणि अण्णा तेव्हा गोकुळ रोडला जागा बघण्यात गुंतले होते. त्यांनी गिऱ्हाइकाला नवा कुकर दिला, हात जोडून माफी मागितली, आणि परत आलेला कुकर आत पाठवला. घराला चालतंय.

तो चालला थोडे दिवस. मग एका सकाळी वाफ बाजूनं सुटायला लागली म्हणून अक्कानं झाकणावर हात ठेवला आणि झाकण उडालं. उकळती डाळ आणि वाफ थेट उजव्या तळहातावर. मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात बसून मला सांगत होती, "डाळ सगळी वाया गेली बघ."

डॉक्टरांनी जखम बांधली आणि बोटं सरळ राहावीत म्हणून हाताला एक फळी बांधून दिली. ती बरेच महिने काढायची नाही, असं बजावलं. अक्कानं ती घरी आल्यावर थोड्याच दिवसांत काढून ठेवली, कारण फळी बांधून भांडी घासता येत नव्हती. भांडी घासायला बाई लावावी, हे घरातल्या एकालाही सुचलं नाही. मुलगा प्रभंजन तेव्हा बापाबरोबर दुकानात उभा राहायला लागला होता. त्याला मी म्हटलं, तर म्हणाला, "काकू, आईलाच दुसऱ्या बाईच्या हातचं आवडत नाही." आईला काय आवडत नाही हे त्याला बरोबर माहीत होतं. काय आवडतं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जखम भरली, पण कातडी ओढली गेली. चारही बोटं हळूहळू तळव्याकडे वळली आणि तिथंच राहिली. अक्काला भाकरी थापता येईना. ज्या बाईच्या जोंधळ्याच्या भाकरीसाठी माझा नवरा नवनगरहून हुबळीला जायचा, ती बाई आता मिटलेल्या हातानं पिठाचा गोळा दाबत बसायची आणि भाकरी फाटायची. अण्णांनी त्यावर उपाय काढला. जवळच्या रोट्टी सेंटरमधून भाकरी यायला लागली. मला म्हणाले, "खरं सांगू काय विमल, ही स्वस्तच पडालीय. गॅस वाचतोय, पीठ वाचतंय." मी पदर खोचून उठले आणि बाहेर गेले, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडून काय गेलं असतं ते सांगता येत नाही.

मीच अक्काला ओढत एका सर्जनकडे नेलं. त्यांनी हात बघितला आणि स्पष्ट सांगितलं. ओढलेली कातडी सोडवायची, दुसरीकडची कातडी लावायची, मग काही महिने रोज व्यायाम. हात उघडेल. पण लवकर करा, सांधे आखडले की मग मी काही करू शकणार नाही. अक्का मान डोलवत ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चांगले आहेत गं डॉक्टर. समजावून सांगतात." आपल्या हाताबद्दल बोलणं झालंय हे तिच्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांसमोर बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा मागवला, आणि मग मला गुंतवणूक समजावून सांगितली. मी अख्खं आयुष्य बँकेत काढलं, पण ते मला समजावून सांगत होते.

"बघ विमल," ते म्हणाले, "गोकुळ रोडला शोरूम होतंय. काचेची कपाटं, एसी, समोर पार्किंग. तिथं घातलेला रुपया उद्या परत येतोय. हातात घातलेला येतोय काय?"

"अण्णा, हात आहे तो. तिला जेवायला लागतो."

"जेवती की डाव्या हातानं. शिकली ती. जखम भरली, आता परत कापाकापी कशाला? शोरूम होऊ दे, मग बघू."

मी अक्काकडे बघितलं. ती दारात उभी होती आणि म्हणाली, "खरं आहे त्यांचं. मला जमालंय."

पैसे मी देते म्हटलं, तर ती घाबरली. धाकट्या दिराच्या घरचे पैसे घेऊन हात सरळ करून घेतला असं लोक म्हणतील, म्हणाली. म्हणजे लोकांचं भय हातापेक्षा मोठं. मी बँकेत असताना लोक दुकानासाठी कर्ज मागायचे, मुलीच्या लग्नासाठी मागायचे, केलगेरीकडे घर बांधायला साइट घ्यायची म्हणून मागायचे, गाडीला मागायचे. मला आठवतंय तेवढ्यात एकही माणूस असा आला नाही की ज्यानं सांगावं, माझ्या बायकोला नीट जगता यावं म्हणून पैसे पाहिजेत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. अक्काच्या दारातून निघताना मात्र मला त्या सगळ्यांचा एकदम राग आला.

शोरूमला दोन वर्षं लागली. काचा बसवल्या, त्या अण्णांना पसंत पडल्या नाहीत म्हणून काढून दुसऱ्या बसवल्या. पैसे कमी पडायला लागले तेव्हा अण्णा अक्काला म्हणाले, "पाटल्या ठेवू या गहाण, वर्षात सोडवतो." ती लगेच हो म्हणाली. उजव्या हातातली पाटली आता चढतच नव्हती, म्हणून तिनं दोन्ही डाव्या हातात घातल्या होत्या. उद्घाटनाच्या पूजेला अंगावर सोनं पाहिजे, म्हणून ती पूजा झाल्यावर त्या काढून देणार होती. असं सगळं ठरलेलं होतं.

पूजेच्या दिवशी शोरूम झकपक दिसत होतं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. काचेमागं तांब्या-पितळेची भांडी नुसती लखलखत होती. बाजारातले व्यापारी आले होते, नातेवाईक आले होते, बँकेतले माझे जुने सहकारीही आले होते. अण्णा कद नेसून पाटावर बसले, शेजारी अक्का बसली. भटजींनी सुरुवात केली आणि अक्काला म्हणाले, "वहिनी, उजवा तळहात पुढं करा, पाणी घालतो."

तिनं हात पुढे केला. मुठीवर पाणी घातलं, ते बोटांवरून ओघळून तिच्या रेशमी साडीवर गेलं. भटजींनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग अक्षता तिच्या हातात द्यायच्या होत्या, त्याही राहिनात. समोरची माणसं बघत होती. भटजी भले गृहस्थ होते, म्हणाले, "असू दे, असू दे. डाव्या हातानं यजमानांच्या हाताला हात लावा. देव काही अडवत नाही."

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नको नको, पहिल्याच पूजेत उणं नको. मुहूर्त जातोय. मी कंबरेला सुपारी लावतो की."

ज्याची बायको पूजेला हजर नसते, गावाला गेलेली असते, तो माणूस तिच्या जागी सुपारी खोचून बसतो. ही आमच्याकडची रीत आहे. अक्का हजर होती. हातभर अंतरावर बसलेली होती. माझी कानशिलं तापली. मी खुर्चीवरून उठले, आणि आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून तोंड उघडणार, तोच अक्का पाटावरून उठली.

तिनं ताम्हणाशेजारची एक सुपारी डाव्या हातानं उचलली आणि अण्णांच्या हातात ठेवली. "ही घ्या," ती म्हणाली. "हिला काही लागत नाही. हिला खायला नको, औषध नको, हिचा हात वाकत नाही. इतकी वर्षं हीच पाहिजे होती तुम्हाला."

प्रभंजन पुढे येऊन म्हणाला, "आई, बस ना, लोक बघायलेत."

"बघू देत," ती म्हणाली. "साकु." कन्नडमध्ये पुरे म्हणाली, ज्या शब्दानं ती दारावरच्या भाजीवाल्याला थांबवायची त्याच शब्दानं, आणि माझ्याकडे वळली. "विमल, चल. त्या डॉक्टरांचं नाव मी विसरले."

आम्ही रिक्षात बसलो. सराफाकडे आधी गेलो. सराफ अण्णांच्या ओळखीचे. त्यांनी पाटल्या हातात घेतल्या आणि अडखळत विचारलं, "अण्णांना एक फोन करू काय?"

"माझ्या बापानं घातल्यात या," अक्का म्हणाली. "ते वारले. फोन कुणाला करता?"

सराफांनी मुकाट्यानं काटा पुढे ओढला. गहाण ठेवायच्या का, असं त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, मोडा. सोडवायला मी परत येणार नाही. ज्या सोन्याला या घरात फक्त दुकानासाठी हात लावायचा असतो असं तिला शिकवलं गेलं होतं, ते तिनं असं उभ्या उभ्या मोडलं, आणि नोटा पदरात बांधताना मला म्हणाली, "हे शहाणपण आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?" मी ती गाठ घट्ट करून दिली.

सर्जननी हात बघितला आणि मान हलवली. उशीर केलात, म्हणाले. पण करू.

ऑपरेशननंतर अण्णा दवाखान्यात आले. हातात फळांची पिशवी. फळं चांगली होती, डागाळलेली नव्हती, हे मी बघून घेतलं. खुर्चीवर बसून म्हणाले, "पाटल्या मोडायची काय गरज होती? मला सांगायचं होतं."

"विमलनं सांगितलं होतं," अक्का म्हणाली. "डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मीच नाही सांगितलं. ते आता सांगते. हाताच्या रोजच्या व्यायामाला एक बाई येणार, त्यांचे पैसे दुकानातून द्यायचे. घरकामाला बाई लावायची. आणि कुकर न उघडलेल्या खोक्यातला पाहिजे."

"बघू की," अण्णा म्हणाले.

"बघू नाही."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ते म्हणाले, "बरं." त्यांनी पैसे दिले, दर महिन्याला दिले, हे मला मान्य करायला हवं. चेहरा आंबट करून दिले, पण दिले. व्यायामाच्या वेळी अक्का ओरडायची, रडायची, त्या बाईंना कन्नडमध्ये शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी तयार होऊन बसायची. आता तिला साडी लागते, चष्मा लागतो, रविवारी बाहेर इडली खायला लागते. तिच्या तोंडचं नको संपलं ते संपलंच. नातेवाईक म्हणतात, अनसूया बदलली हो, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्या सुराला मी आता उघड उत्तर देते.

मागच्या महिन्यात मी गोकुळ रोडच्या शोरूममध्ये गेले होते. भाचीच्या लग्नासाठी भांडी घ्यायची होती. अक्का गल्ल्याजवळ बसली होती, आता ती रोज बसते. एक धारवाडची बाई, शाळेतली मुख्याध्यापिका असावी, कपाटं बघत होती. अक्कानं तिला समई काढून दाखवली तेव्हा तिनं हाताकडे बघून विचारलं, काय झालं होतं?

अण्णा पलीकडून लगेच म्हणाले, "भाजलं होतं हो. ऑपरेशन करून घेतलं आम्ही. अशा वेळी पैशाकडे बघायचं नसतंय मॅडम. हुबळीतल्या सगळ्यात चांगल्या सर्जनकडे केलं."

माझ्या हातातलं पातेलं मी काउंटरवर इतक्या जोरात ठेवलं की प्रभंजन दचकला. अक्का शांत होती. तिनं समई खाली ठेवली आणि उजवा हात त्या बाईसमोर उघडला. तीन बोटं जवळजवळ सरळ झाली. करंगळी तळव्याकडे वाकलेलीच राहिली.

"हे बोट उघडलं नाही?" त्या बाईनं हळूच विचारलं.

"नाही. आता उघडणार पण नाही. सांधा गेला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असता तर उघडलं असतं."

"अय्यो. मग थांबलात कशाला?"

अक्कानं अण्णांकडे बघितलं नाही. तिनं कन्नडमध्ये, दुकानातल्या प्रत्येक नोकराला आणि गिऱ्हाइकाला कळेल असं, सावकाश सांगितलं, "या काचा आधी बसवायच्या होत्या ना."